शिकागोचा १९९५ चा उन्हाळा

मी मूळचा नागपूरचा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, माठातले पाणी, कैरीचे पन्हे आणि रात्री गच्चीवर अंथरूण, एवढ्यावर ४५ अंशांतला मे महिना निघायचा. मग जुलै १९९५ मध्ये शिकागोत पारा ४१ अंशांवर जाताच आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक कसे झाले?

एक तर हवा दमट. घाम वाळेना, आणि तापलेली विटांची घरे रात्रीही निवेनात. मृतांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा. घरात एसी नाही, चोरांच्या भीतीने खिडक्याही बंद. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी २००२ च्या पुस्तकात शेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. ओसाड पडलेल्या नॉर्थ लॉन्डेलपेक्षा गजबजलेल्या साउथ लॉन्डेलमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे एक दशांश होते. १९९९ च्या लाटेत शहराने वृद्धांच्या दारी माणसे पाठवली. तेव्हा मृत्यू ११० च्या आसपास राहिले.

मंडळी, आपल्यातही मुले दूर गेलेले आजी-आजोबा आहेत. पारा चढला की त्यांना रोज एक फोन करू या. फोन उचलला नाही, तर दार वाजवू या.