फ्लॉरेन्समधला मुक्काम
परक्या शहराची ओळख प्रेक्षणीय स्थळांपासून होते, असे आपण धरून चालतो. दीर्घ मुक्कामाला येणाऱ्यांच्या बाबतीत ते खरे नाही. त्यांचे पहिले दिवस घर, भाडे आणि रोजच्या सोयी जमवण्यात जातात, आणि शहर कळू लागते ते याच व्यवहारांतून. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्राउनिंग या इंग्रज कवी-दांपत्याचे उदाहरण पाहावे. १८४६ मध्ये लंडनला एलिझाबेथच्या वडिलांच्या नकळत लग्न करून, पिसात हिवाळा काढून, ते एप्रिल १८४७ मध्ये फ्लॉरेन्सला आले आणि त्याच उन्हाळ्यात पिट्टी राजवाड्याजवळच्या कासा ग्विदीत राहू लागले. परक्यांची सोय शहराने आधीच करून ठेवली होती: १८१९ मध्ये स्थापन झालेल्या व्ह्यूस्योच्या वाचनालयात देशोदेशीची वर्तमानपत्रे येत, आणि रॉबर्ट ती वाचायला जात असे.

यावर कोणी म्हणेल, की अशा सोयींमुळे पाहुणा आपल्याच लोकांच्या कोंडाळ्यात राहतो. आक्षेपात तथ्य आहे. एलिझाबेथची प्रकृतीही तिला फारसे हिंडू देत नव्हती. पण सप्टेंबर १८४७ मध्ये तिथल्या शासकाने, ग्रँड ड्यूकने, नागरी रक्षकदलाला परवानगी दिली, तेव्हाची जल्लोषाची मिरवणूक तिने घराच्या खिडकीतूनच पाहिली, आणि १८५१ च्या ‘कासा ग्विदी विंडोज’ या काव्यात त्या जल्लोषामागच्या आशेबरोबर पुढचा भ्रमनिरासही मांडला. मिरवणूक चार दिवसांच्या प्रवाशालाही दिसली असती. १८४९ मध्ये ऑस्ट्रियन फौज शहरात शिरल्यावर त्या उत्साहाचे काय झाले, हे पाहायला मात्र तिथे बिऱ्हाड असावे लागले.