३. ईसीजीची पट्टी

शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. येथील विंचूदंशाच्या प्रसंगात लेखकाने ‘पट्टीवरची टोके चढली’ एवढेच म्हटले आहे. ही टोके कसली, ते पाहू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्याच्या स्नायूंतून सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरतो. त्याचा आलेख म्हणजे ईसीजी. त्यातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांनी दिली (नोबेल, १९२४). ‘पी’ म्हणजे वरच्या कप्प्यांची चेतना, ‘क्यूआरएस’ हे उंच टोक खालच्या कप्प्यांचे, तर ‘टी’ त्यांच्या पूर्ववत होण्याची खूण. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून लहान चौकट ०.०४ सेकंदाची.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते. चेतना थांबत नाही, ॲड्रिनलिनचा पूर येतो, रक्तदाब चढतो आणि हृदय थकते. पट्टीवर ठोके वेगवान, ‘टी’ कधी उंच व टोकदार, ‘एस’ व ‘टी’ यांमधली ‘एसटी’ रेषा वरखाली दिसते. म्हणजे बिघाड मज्जातंतूंत सुरू होतो आणि उमटतो हृदयाच्या आलेखात. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी महाड परिसरात अशा रुग्णांचा अभ्यास केला. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावरील त्यांचे टिपण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दंशानंतरची पहिली पट्टी सामान्य आली तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात, कारण लक्षणे काही तासांनीही वाढू शकतात. – संपा.