कल्याणच्या लोहाराचा रस्ता

ऐतिहासिक वास्तू पाहायला सहल निघाली की किल्ला कुठल्या राजाचा, वाडा कुठल्या सरदाराचा एवढं विचारून आपण परत येतो. हातोडा कुणी चालवला, हे विचारायचं राहून जातं. विहाराच्या मंडळींनी जुने कल्याण पायी पाहिले तेव्हाही तसंच चाललं होतं. खाडीकाठचा दुर्गाडी पाहिला. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले आणि याच खाडीत मराठा आरमाराची सुरुवात झाली. मग सुभेदारवाडा पाहिला. पेशवाईतल्या सुभेदाराची ओळख आता शाळेच्या नावात उरली आहे. तेवढ्यात एका पोराने विचारलं, “काका, त्याच्या आधीचं कल्याण कुठंय?”

प्रश्न रास्त आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे. म्हणजे गाव दोन हजार वर्षांचं. पण त्या काळचे कल्याणकर भेटायचे तर बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरी लेण्यांत जावं लागतं.

तिथे एकाच डोंगरात शंभरावर लेणी आहेत. पाण्याची टाकी आहेत, कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा धंदाही दिलेला आहे. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने रस्ता दिला. सातवाहन राणीचा लेखही याच डोंगरावर आहे. राणी आणि लोहार, दोघांचा उल्लेख एकाच कातळात!

मी गिरणीत राबलेला माणूस. आम्ही विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का असायचा, विणणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यातली किती नावं लिहिली गेली? नंद लोहाराचं नाव टिकलं, कारण ते कुणीतरी दगडात कोरून ठेवलं.

म्हणून बांधवांनो, पुढची सहल कान्हेरीची काढा. पोरांच्या हातात वही द्या. दान कोणी दिलं, त्याचा धंदा काय, गाव कोणतं, हे त्यांना लिहून घेऊ द्या. भिंतीवर मात्र कुणी आपलं नाव खरडू नये. आणि घरी आल्यावर त्याच वहीत आपल्या आजोबांचं नाव, गाव, धंदा लिहा. ती पानं पुढच्यांच्या कामाला येतील.