आणा गेला, नया पैसा आला

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे १६ आणे किंवा ६४ पैसे होत. आता १०० नये पैसे झाले. शाळेतल्या मुलांचे गणित सोपे झाले, परंतु घरखर्च लिहिणाऱ्या गृहिणीची तारांबळ उडाली.

अडचण अपूर्णांकाची होती. आठ आण्यांचे ५० आणि चार आण्यांचे २५ नये पैसे बरोबर होत. पण एका आण्याचे होत सव्वासहा! पाव पैशाचे नाणे कुठून आणायचे? म्हणून सरकारी तक्त्यात आण्याला ६ आणि जुन्या पैशाला २ नये पैसे धरले. म्हणजे जुन्या पैशाची जिन्नस चार वेळा सुटी घेतली, तर ८ नये पैसे जात; तीच एकदम आण्याची घेतली, तर ६ च!

माझ्या सासूबाईंच्या त्या वर्षीच्या वहीत म्हणूनच दोन रकाने आहेत: एकात आणे-पै, दुसऱ्यात नये पैसे. किरकोळ खरेदी त्या शेजारणींबरोबर एकत्र करीत आणि मग वाटून घेत.

१ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गेला. ३० जून २०११ ला पावलीही चलनातून गेली. परंतु भगिनींनो, सुट्या खरेदीतली गळती अजून गेलेली नाही. लहान पुडी घेताना वजन आणि किंमत ताडून पाहावी, आणि वही मात्र रोज लिहावी.