पेकिंगचें शुभ्र-मेघ मंदिर

चीनच्या राजधानीचें, म्हणजे पूर्वींच्या पेकिंगचें व आतांच्या बीजिंगचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें बादशाही राजवाडा आणि शहराभोंवतालचा प्रचंड तट उभा राहतो. राजवाडा अद्याप आहे. तट मात्र बहुतेक पाडला गेला, आणि त्याच्या जागेवरून मोटारींचा अखंड ओघ वाहत असतो. ह्या रस्त्याच्या पश्चिमेस, उंच इमारतींच्या दाटींत, एक जुनें ताओपंथी मंदिर आहे. त्याचें नांव पाइ-युन-क्वान, म्हणजे शुभ्र मेघांचें मंदिर. ताओपंथाच्या च्युआन-चेन नांवाच्या संन्यासमार्गी शाखेच्या मुख्य पीठांपैकीं हें एक होय. आज मी जी हकीकत सांगणार आहे, तींत देवांपेक्षां ग्रंथांचा भाग अधिक आहे.

परंतु प्रथम मंदिरांत जाऊं. आवारें दक्षिणोत्तर एका ओळींत आहेत. महाद्वाराच्या दगडी कमानींत एक लहानसें माकड कोरलेलें आहे. भाविकांचे हात लागून लागून तें अगदीं गुळगुळीत झालें आहे. पुढें एक पूल लागतो. त्याच्या खालीं पाणी नाहीं. जत्रेच्या दिवसांत त्याच्या कमानीखालीं घंटा टांगतात आणि लोक तिच्यावर नाणीं फेकतात. नेम लागून घंटा वाजली म्हणजे वर्ष चांगलें जाणार! हें पाहून नाक मुरडणाऱ्या विद्वानांपैकीं मी नाहीं. अशा जत्रांनीं जितकीं देवळें जगविलीं आहेत, तितकीं तत्त्वज्ञानानें खास जगविलेलीं नाहींत. चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या १९ व्या दिवशीं मंदिराच्या आद्य पुरुषाची जयंती असते. आदल्या रात्रीं तो कोणत्या तरी वेषानें गर्दींतून फिरून जातो, अशी लोकांची जुनी श्रद्धा आहे.

हा आद्य पुरुष म्हणजे च्यू छू-ची, ऊर्फ चांग-छुन. जन्म ११४८ सालचा, शांतुंग प्रांतांतील. एकामागून एक सभागृहें ओलांडीत आपण आंत गेलों कीं त्याच्या नांवाचें दालन लागतें. झाडाच्या मोठ्या गांठीपासून कोरलेलें एक भलें थोरलें लांकडी पात्र तेथें ठेवलेलें आहे आणि त्याच्या खालीं त्याच्या अस्थि आहेत. म्हणजे आपण ज्याला समाधिमंदिर म्हणतों, तसाच हा प्रकार.

आपल्याकडील शाळांत चंगीझखान येतो तो अल्तमशच्या प्रकरणांत. १२२१ सालीं जलालुद्दीनचा पाठलाग करीत तो सिंधुनदापर्यंत आला व परत फिरला, इतकें एक वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलें म्हणजे आम्हां मास्तरांचें काम संपे. पुढच्याच वर्षीं, १२२२ च्या उन्हाळ्यांत, हिंदुकुशाच्या परिसरांतील त्याच्या छावणींत एक चौऱ्याहत्तर वर्षांचा चिनी साधु त्याच्या समोर बसला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत नसे. खानानें त्याला १२१९ सालीं मुद्दाम आज्ञापत्र पाठवून बोलाविलें होतें. शांतुंगहून निघून मंगोलियाचीं पठारें, अल्ताइ पर्वत आणि समरकंद ह्या मार्गानें म्हातारा तेथवर आला. वाटेंत खानाच्या अंतःपुरासाठीं गोळा केलेल्या मुलींच्या तांड्याबरोबर आपल्याला नेणार असें दिसतांच त्यानें साफ नकार दिला, आणि तो नकार मानला गेला. त्या काळीं मंगोल अधिकाऱ्याला नाहीं म्हणणें ही लहानसहान गोष्ट नव्हती.

खानानें विचारलें तें अपेक्षितच होतें: दीर्घायुष्याचें औषध आणलें आहे काय? साधूनें उत्तर दिलें कीं जीवन राखण्याचे उपाय आहेत, अमर करणारें औषध नाहीं. खोटें सांगून वेळ मारून नेणारे किमयागार चीनमध्यें कमी नव्हते, म्हणून ह्या उत्तराचें मोल. खान रागावला नाहीं. पुढच्या वर्षीं शिकारींत खान घोड्यावरून पडला, तेव्हां ह्या वयांत शिकार कमी करावी असेंहि साधूनें त्याला सुनावलें. १२२३ सालीं निरोप देतांना खानानें त्याच्या अनुयायांना कर माफ केले. १२२४ सालीं तो पेकिंगला येऊन राहिला व १२२७ सालीं, चंगीझखान मेला त्याच वर्षीं, मरण पावला. तो राहत होता तो मठ मूळचा थांग घराण्याच्या वेळचा, इ. स. ७४० च्या सुमाराचा. शिष्यांनीं त्याच्या शेजारीं समाधिस्थान बांधलें. पुढें मोठा मठ नाहींसा झाला, समाधिस्थान तेवढें राहिलें, आणि तेंच आजचें शुभ्र-मेघ मंदिर.

कर माफ झाले म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. युद्धांत देशोधडीस लागलेले लोक मठांत शिरले. पुष्कळांचे प्राण ह्यामुळें वांचले, हें कबूल केलें पाहिजे. परंतु शिष्यांना सत्तेची चटक लागली. ओस पडलेले बौद्ध मठ ते बळकावूं लागले. त्यांच्या जवळ एक जुना ग्रंथ होता. त्यांत असें लिहिलें होतें कीं लाओत्से पश्चिमेकडे भारतांत गेला व तेथल्या रानटी लोकांना त्यानें उपदेश केला, आणि बुद्धधर्म हें त्या उपदेशाचेंच फळ होय. म्हणजे बुद्ध भारतांतून चीनला गेला नाहीं, चीनचाच माल भारतांतून परत आला! आपल्याला हंसूं येतें. तेव्हांच्या बौद्धांना आलें नाहीं. १२५८ सालीं मोंगकेखानाच्या हुकुमावरून त्याचा भाऊ कुब्लाइ ह्याच्या समोर वाद झाला. तिबेटी पंडित फाग्स्पा बौद्धांच्या बाजूस होता. ताओपंथी हरले, त्यांच्यापैकीं सतरा जणांचीं डोकीं भादरून त्यांना भिक्षु केलें, वादग्रस्त ग्रंथ जाळले आणि मठ परत करविले.

तेवढ्यावर भागतें तर बरें होतें. १२८१ सालीं कुब्लाइनें, आतां बादशहा होऊन, लाओत्सेचा ताओ-ते-चिंग हा एक ग्रंथ वगळून बाकी सारे ताओपंथी ग्रंथ व त्यांचे छापण्याचे ठसे जाळण्याचा हुकूम सोडला. १२४४ सालीं च्यू छू-चीच्याच परंपरेंतील लोकांनीं सात हजारांहून अधिक खंडांचा सर्वसंग्रह छापून काढला होता. त्याची राख झाली. आजोबानें दिलेली सनद आणि नातवानें लावलेली आग ह्यांत साठ वर्षेंहि गेलीं नाहींत. बौद्धांनीं विजयाचा उपभोग थोडा आवरता घेतला असता तर चिनी विद्येचें फार मोठें नुकसान टळलें असतें, असें मला वाटतें.

मिंग घराण्यानें तो संग्रह जमेल तेवढा पुन्हां गोळा केला. १४४५ सालीं ५३०५ खंड छापून पुरे झाले, १६०७ सालीं पुरवणी निघाली, आणि देशांतील मोठमोठ्या मठांना बादशहाकडून एकेक प्रत मिळाली. शुभ्र-मेघ मंदिरालाहि १४४७ सालीं मिळाली. तशी नोंद तेथील शिलालेखांत आहे. ती मागच्या बाजूच्या दुमजली इमारतींत ठेवीत. तिच्याकडे फारसें कोणी पाहत नसे. १८४५ सालीं तिची डागडुजी झाली. इकडे दुसऱ्या प्रती आगींत, लढायांत, वाळवीच्या तोंडीं गेल्या. छापण्याचे मूळ लांकडी ठसे पेकिंगच्या एका देवालयांत होते. १९०० सालीं आठ राष्ट्रांच्या फौजा शहरांत शिरल्या तेव्हां तेहि नष्ट झाले. चीनमध्यें हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या, आणि त्यांतली ही जवळजवळ पुरी.

१९२३ ते १९२६ ह्या काळांत शांघायच्या कमर्शियल प्रेसनें हीच प्रत पुढें ठेवून, छायाचित्रानें लहान करून, ११२० पुस्तकांत सारा संग्रह छापला. माजी अध्यक्ष शू श-छांग ह्यांचें त्याला साहाय्य होतें. ह्यामुळें तो प्रथमच मठाच्या भिंतीबाहेरील अभ्यासकांच्या हातीं पडला. खानाकडील प्रवासाचें जें वर्णन मीं सांगितलें, तें बरोबर गेलेल्या ली चिर-छांग नांवाच्या शिष्यानें लिहिलेलें आहे. तेंहि ह्याच संग्रहांत दडून होतें. १७९५ सालीं च्येन ता-शिन ह्या पंडितानें सूचौच्या एका मठांत तें हुडकून काढलें, आणि १९३१ सालीं आर्थर वेलीनें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

मंदिराचे पुढचे दिवस चांगले गेले नाहींत. १९४६ सालीं पैशाच्या गैरव्यवहाराचे आरोप ठेवून तेथल्याच साधूंनीं आपल्या मठाधिपतीला जिवंत जाळलें. १९५७ सालीं चिनी ताओपंथी संघ येथें स्थापन झाला. १९६६ सालीं दारें बंद झालीं, तीं १९८४ सालीं लोकांसाठीं पुन्हां उघडलीं. नववर्षाची जत्रा पुढें पुन्हां भरूं लागली, आणि माकडावरून हात फिरविण्यासाठीं रांगा लागूं लागल्या. ग्रंथांची ती जुनी प्रत मात्र आतां मंदिरांत नाहीं. ती पेकिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे.