शर्करा-द्रावणांचे कालपरत्वे बदलणारे वलन : एका निरीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

साखरेच्या द्रावणात ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळविण्याचा गुण असतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-बातीस्त बियो यांनी १८१५ मध्ये दाखवून दिले. पुढे ध्रुवणमापक हे शर्करा मोजण्याचे विश्वसनीय साधन ठरले. या मापनामागे एक गृहीत होते. द्रावणाची संहती, तापमान, नळीची लांबी आणि प्रकाश कायम असतील, तर वाचनही कायम राहिले पाहिजे. ग्लुकोजने हे गृहीत मोडले. जो बदल आरंभी मापनातील अडचण वाटला, तोच पुढे रेणूच्या रचनेचा पुरावा कसा ठरला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

निरीक्षण आणि नामकरण

साखर व मद्यार्क उद्योगाशी संबंधित असलेले फ्रेंच रसायनज्ञ ओग्युस्तँ-पिएर द्युब्रँफो यांना १८४० च्या दशकात असे आढळले की, ग्लुकोज नुकतेच विरघळविले असता त्याचे वलन नंतरच्या स्थिर वलनाच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून या घटनेस ‘बायरोटेशन’ म्हटले गेले. परंतु इतर शर्करांमध्ये हे प्रमाण दुप्पट नव्हते. त्यामुळे हे नाव अपुरे ठरले. टी. एम. लॉरी यांनी नायट्रोकॅम्फर या शर्करा नसलेल्या पदार्थातही असाच बदल पाहिला आणि १८९९ मध्ये ‘म्यूटारोटेशन’ ही संज्ञा रूढ केली. दोन समघटक रूपांचे एकमेकांत होणारे उलटसुलट परिवर्तन हे त्यामागील कारण होय, अशी त्यांची मांडणी होती.

रचनेचा शोध

ग्लुकोजचा रेणू वलयाकार असू शकतो, असे बर्नहार्ड टोलेन्स यांनी १८८३ मध्ये सुचविले होते. वलय तयार होताना पहिल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दोन मांडण्या संभवतात. म्हणजे एकाच ग्लुकोजची दोन रूपे असली पाहिजेत. १८९५ मध्ये शार्ल तांरे यांनी वेगवेगळ्या वलनाचे स्फटिक मिळविले व ती तीन स्वतंत्र रूपे मानली. त्यांपैकी मधले रूप हे वस्तुतः उरलेल्या दोहोंचे समतोल मिश्रण होते, हे पुढे स्पष्ट झाले.

निर्णायक दुवा ई. फ्रँकलंड आर्मस्ट्राँग यांनी १९०३ मध्ये जोडला. दोन मेथिल ग्लुकोसाइडांचे त्यांनी दोन निरनिराळ्या विकरांनी विघटन केले. मुक्त झालेल्या ग्लुकोजचे वलन एका द्रावणात उतरत गेले, तर दुसऱ्यात चढत गेले. आज आल्फा रूपाचे विशिष्ट वलन सुमारे +११२ अंश, बीटा रूपाचे सुमारे +१९ अंश मानले जाते. पाण्यात वलय उघडते व पुन्हा मिटते. शेवटी सुमारे ३६ टक्के आल्फा व ६४ टक्के बीटा असा समतोल साधतो आणि वाचन +५२.७ अंशांवर स्थिरावते. सुक्रोजमध्ये ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे हे दोन्ही कार्बन परस्परांशी जोडलेले असल्याने वलय उघडू शकत नाही. म्हणून त्यात असा बदल दिसत नाही.

उपेक्षेची किंमत

इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजपासून प्रथम आल्फा ग्लुकोज मुक्त करते. त्याचे वलन अधिक असल्याने, वाचन लगेच घेतल्यास विक्रिया प्रत्यक्षापेक्षा मंद भासते. ओ’सुलिव्हन व टॉम्पसन यांनी १८९० मध्येच अल्क मिसळून ही चूक टाळण्याचा मार्ग दाखविला होता. अल्कामुळे विकराचे कार्य थांबते आणि वलनाचा बदलही शीघ्र पूर्ण होतो. तरीही व्हिक्टर आँरी यांनी १९०३ मधील आपल्या प्रयोगांत या बदलाची दखल घेतली नाही. वस्तुतः विकर-क्रियेच्या वेगाचे समीकरण त्यांनी आधीच मांडले होते. लिओनोर मायकेलिस व मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये द्रावणाची आम्लता नियंत्रित केली, वलन स्थिर होऊ दिले आणि मगच वाचन घेतले. त्या समीकरणास आज त्यांचेच नाव आहे.

या विषयाचे महत्त्व तेथेच संपले नाही. १९२५ मध्ये लॉरी व फॉकनर यांनी दाखविले की, मेथिलयुक्त ग्लुकोजचे वलन केवळ पिरिडिनमध्ये वा केवळ क्रेसॉलमध्ये अत्यंत मंद गतीने बदलते. दोहोंच्या मिश्रणात मात्र ते झपाट्याने बदलते. आम्ल व अल्क यांचे संयुक्त साहाय्य या परिवर्तनास लागते, हे त्यातून सूचित झाले. १९५२ मध्ये केलिन व हार्ट्री यांनी हेच परिवर्तन घडविणाऱ्या विकराची नोंद केली. ग्लुकोज ऑक्सिडेज प्रामुख्याने बीटा रूपावर कार्य करते. त्यामुळे प्रयोगशाळेतील ग्लुकोज-मापनातही या बदलाचा विचार करावा लागतो.

समारोप

द्युब्रँफो यांना दिसलेला बदल उपकरणाचा दोष नव्हता. तो पदार्थाचाच स्वभाव होता. ज्यांनी त्याची कारणमीमांसा केली, त्यांना रेणूच्या वलयाची दोन रूपे सापडली. ज्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले, त्यांच्या अचूक विचारालाही प्रयोगाचे पुरेसे पाठबळ लाभले नाही. वाचन केव्हा घेतले, हा प्रश्न वाचन किती आले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो, हेच या इतिहासाचे सार म्हणता येईल.