जनित्राच्या खुणा नसलेल्या टोकांची ओळख
जुन्या विद्युत जनित्राच्या टर्मिनल बॉक्समधील तारांवरील खुणा पुसल्या गेल्या असल्यास कोणती दोन टोके एकाच वेटोळ्याची आहेत, तसेच त्यांतील आरंभ व शेवट कोणता, हे चाचण्यांनी निश्चित करावे लागते. एकदा रिवाइंडिंग झालेल्या यंत्रात तारांचे रंग विश्वसनीय राहत नाहीत.

खुणांच्या पद्धती
तीन फेजच्या जुन्या यंत्रांवर ए१-ए२, बी१-बी२, सी१-सी२ अशा ब्रिटिश वळणाच्या, तर जर्मन वळणाच्या यंत्रांवर यू-एक्स, व्ही-वाय, डब्ल्यू-झेड अशा जोड्या आढळतात. आयएस ४७२८ या भारतीय मानकात यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ अशा खुणा आहेत. डीसी यंत्रात मात्र 'ए' हे अक्षर आर्मेचरचे असते. हा घोटाळा नेहमीचा आहे.

चाचणी
यंत्र थांबवून सर्व तारा सुट्या करतात व मल्टीमीटरने किंवा सिरीज लॅम्पने जोड्या शोधतात. डीसी जनित्रात शंट फील्डचा रोध सामान्यतः दहापट-शेकडो ओहम असतो; सिरीज फील्ड व आर्मेचर या दोहोंचा फारच कमी. ब्रश उचलताच जे मंडल तुटते ते आर्मेचर.

तीन फेजच्या जनित्रात जोड्या सापडल्या तरी दिशा उरते. प्रत्येक जोडीचे एक टोक एकत्र बांधून यंत्र अत्यल्प उत्तेजनावर फिरवतात व उरलेल्या तीन टोकांमधील दाब मोजतात. तिन्ही दाब समान व एका वेटोळ्याच्या दाबाच्या १.७३ पट आल्यास जोडणी बरोबर असते. एक वेटोळे उलटे असल्यास दोन दाब केवळ एकपट येतात. त्या दोन्ही मोजणींत समाईक असलेले वेटोळे उलटवावे. ही खात्री न करता डेल्टा जोडल्यास बंद मंडलात फेजच्या दुप्पट दाब निर्माण होऊन वेटोळी जळू शकतात.

फेजचा क्रम शेवटी तपासतात. पारोळा तालुक्यासारख्या विहिरींवर शेती करणाऱ्या भागात जनित्रावर पंप चालवताना क्रम उलटा असल्यास पंप उलट फिरतो व पाणी फारच कमी येते. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केल्यास क्रम सुधारतो.

दक्षता
यंत्र फिरविण्यापूर्वी मेगरने विद्युतरोधन तपासतात. त्या वेळी डायोड व व्होल्टेज रेग्युलेटर वेगळे ठेवणे आवश्यक असते, अन्यथा मेगरच्या उच्च दाबाने ते निकामी होतात.